न पाठवलेली चिठ्ठी

“...ते सगळं खरं, बाई. पण आलेला माणूस टिकवायचा कसा, तेवढं सांगा.”

रंगराव खोचरे सर जिना चढून गच्चीवर आले ते हे वाक्य तोंडात घेऊनच. पहिलं अर्धं खाली दारातच बोलून झालं होतं, पण दारात ऐकायला कुणी नव्हतं. नलवडे बाई वर होत्या. मे महिन्याची सकाळ, आठ वाजलेले, आणि कुरडयांचा चीक नुकताच चुलीवरून उतरलेला.

बाईंनी मान वर केली नाही. पातेल्यातला चीक एकदा हलवून बघितला आणि म्हणाल्या, “हात धुऊन ये.”

“बाई, मी सल्ला विचारायला आलोय.”

“तू विचार की. पण चीक थांबायचा नाही. गार झाला की सोऱ्यातनं उतरत नाही तो.”

आता खोचरे सर म्हणजे काही ऐरंगैरं प्रकरण नव्हे. हळदवडी हायस्कूलचे हेडमास्तर. तेहेतीस वर्षं गणित शिकवलेलं. दहावीच्या गणिताच्या निकालाचा विषय निघाला की पंचक्रोशीत त्यांचंच नाव निघायचं, आणि कुणी काढायला विसरलं तर ते स्वतःच आठवण करून द्यायचे. बाजारातनं चालले तर भाजीवालीसुद्धा पदर सारखा करून नमस्कार करते.

पण नलवडे बाईंपुढं ते अजून नुसते रंगराव. ह्याच शाळेच्या आधीच्या हेडमास्तरीण त्या. रंगराव कोवळ्या वयात नोकरीला लागले ते बाईंच्या हाताखाली. गणित आपल्याला आधीच येत होतं, बाकीचं सगळं बाईंनी शिकवलं, असं ते भाषणात सांगायचे. त्यातला पहिला भाग जरा मोठ्यानं सांगायचे.

बाई आता अठ्ठ्याहत्तरच्या. उजवा खांदा धरलेला. सोऱ्या दाबायला दरसाल पलीकडची हौसाबाई यायची, ती नेमकी भाचीच्या लग्नाला गेली होती. म्हणजे देवानंच हेडमास्तर धाडला म्हणायचा.

सरांनी बाह्या दुमडल्या, नळावर हात धुतले. खिशातला लिफाफा भिजू नये म्हणून काढून कठड्यावर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर वरवंट्याचा तुकडा ठेवला. तसा तो उडालाही नसता. चांगला जाडजूड होता.

सोऱ्यात चीक भरता भरता त्यांनी सगळी कर्मकथा सांगितली.

पाच वर्षांत गणित-विज्ञानाचे चार शिक्षक आले आणि चार गेले. पहिल्याला शहरातल्या क्लासवाल्यांनी उचललं. दुसरा बँकेत चिकटला. तिसरा स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार झाला, आणि परवा त्यानं सरांनाच हेल्मेट नाही म्हणून अडवून, ओळख पटल्यावर पाया पडून सोडून दिलं. चौथीचं लग्न झालं. दर निरोपाला शाल-नारळ. आता तर शालीचा दुकानदारच विचारतो, सर, यंदा गणिताचा का विज्ञानाचा?

बरं, सरांनी करायचं काय बाकी ठेवलं होतं? जाहिरात तीन-तीन पेपरांत दिली. मागच्या खोलीला रंग काढला, राहायला फुकट दिली. पहिले पंधरा दिवस डबा सरांच्या घरचा. सरांच्या बायकोनं तर एकदा विचारलं होतं, जावई शोधताय का मास्तर? प्रयोगशाळेत नवीन टेबलं आली. फळा सुद्धा नवा बसवला, हिरवा.

आणि मागच्या जूनमध्ये पाचवी आली. प्रणोती मगदूम. एम.एस्सी., फिजिक्स. वय सव्वीस.

“ही पोरगी शिकवती, बाई.” सरांचा आवाज एकदम खाली आला. “पोरांना उन्हात नेऊन झेंड्याच्या काठीची सावली मोजायला लावली. पोरं जमिनीवर आडवी पडून पट्ट्या लावत होती. सावलीवरनं काठीची उंची काढली त्यांनी. घंटा झाली तरी उठेनात. माझ्या तासाला घंटेच्या आधीच दप्तरं भरायची.”

हे शेवटचं वाक्य ते आजवर कुणापुढं बोलले नव्हते. बोलून गेल्यावर त्यांनाच जरा चुटपुट लागली.

“मग?” बाई म्हणाल्या.

“मग काय... राजीनामा दिलाय. शनिवारी येऊन सही करते म्हणते. आज गुरुवार.”

पंधरा जूनला शाळा उघडणार. दहावीला एकेचाळीस मुलं. फळ्यापुढं उभं राहायला कुणी नाही. आणि सरांना निवृत्त व्हायला उरली दोन वर्षं. दोन वर्षांत खडू कुणाच्या तरी हातात द्यायचा, अन् मग घरी जाऊन खुशाल झोपायचं, असा त्यांचा बेत होता. हात सापडला होता. तो निघाला होता.

बाईंनी नुसतं हुं केलं आणि पुढ्यातल्या ओल्या साडीवर बोट ठेवलं. इथं पाड.

सरांनी पहिली कुरडई पाडली. पाडली म्हणजे... पडली.

“असं का, बाई?”

बाईंनी शेजारच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

दुसरी पाडताना सरांचा एक डोळा सोऱ्यावर, एक बाईंच्या चेहऱ्यावर. “जाड होतीय का? का हात उंच धरू? गोल आधी बाहेरनं घ्यायचा का आतनं?”

बाई उठल्या. आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि सरांकडं पाठ करून बसल्या. समोर डोंगर होता.

सर सोऱ्या धरून तसेच उभे.

“बाई... इकडं बघा की जरा.”

“मला डोंगर बघू दे.”

“पण चुकत असलं तर?”

बाई डोंगरच बघत होत्या. तोही काही सांगत नव्हता.

सरांना राग आला, अन् थोडं वाईटही वाटलं. घरी बोलावून घ्यायचं, कामाला जुंपायचं आणि पाठ फिरवायची, ही काय रीत झाली? (बोलावलं कुणी नव्हतं, पण रागावलेल्या माणसाला हे कुठलं आठवतंय.) त्याच तिरमिरीत त्यांनी तिसरी पाडली. ती तर चक्क चिमणीचं घरटं झाली. चौथी एका बाजूला लांबली, जिल्ह्याच्या नकाशासारखी. कुणी बघत नाही म्हटल्यावर त्यांनी चौथी बोटानं गोळा करून गपकन तोंडात टाकली. गरम होती, पण चव छान होती. पाचवीला त्यांच्या लक्षात आलं की दाबायचं कमी आणि हात फिरवायचा जास्त. सहावी बरी झाली. सातवी गोल आली. अगदी कंपासनं काढल्यासारखी.

“बाई, ही बघा.”

“तो लिफाफा दे इकडं,” पाठमोऱ्या बाई म्हणाल्या.

सरांनी दोन बोटांच्या चिमटीत लिफाफा नेऊन दिला. बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. आत एक पत्र होतं, आणि टाचणीनं टोचलेला कागदांचा गठ्ठा. वहीच्या पानाचे चतकोर तुकडे.

“हे काय?”

“माझ्या चिठ्ठ्या.”

प्रकार असा होता. नव्या शिक्षकाला एकटं सोडायचं नाही, हा सरांचा नियम. दहावी ब च्या खिडकीखाली, कडुनिंबाजवळ ते उभे राहायचे. आतून दिसायचे नाहीत, त्यांना मात्र सगळं ऐकू यायचं. आत चूक झाली की खिशातल्या कागदावर लिहायचं, अन् शिपायाच्या हाती लगेच आत पाठवायचं. लोखंड तापलेलं असतानाच घाव घालावा, असं त्यांचं म्हणणं. गेलेल्या चौघांनाही त्यांनी असंच तयार केलं होतं. तयार होऊनच ते गेले, असंही त्यांचं म्हणणं होतं.

बाई एकेक चिठ्ठी वाचत होत्या.

अडीच मिनिटांचं गणित. सात मिनिटं लागली.

भिंगाच्या आकृतीत किरणांना बाण नाहीत.

‘म्हणजे’ हा शब्द एका तासात एकोणतीस वेळा.

फळा डावीकडून पुसावा.

“एकही चिठ्ठी चुकीची नाही, बाई. तुम्ही तपासून बघा.”

“दिसतंय ना. अक्षर पण छान आहे.”

सर खूश झाले. सोऱ्यात नवा चीक भरला.

मग बाईंनी पत्र मोठ्यानं वाचलं. प्रणोतीचं अक्षर बारीक होतं. मा. मुख्याध्यापक साहेब, आपल्या सर्व सूचना बरोबर होत्या. एकूण तेवीस, सोबत परत करीत आहे. फक्त एक नमूद करते. चिठ्ठी आली की मुलं गणित सोडून माझ्या तोंडाकडं बघतात. मला शाळा उघडण्यापूर्वी कार्यमुक्त करावे, ही विनंती.

बाईंनी पत्राची घडी घातली.

“हेच मला कळत नाही,” सर म्हणाले. “परत कशाला द्यायच्या? जपून ठेवायच्या. तेहेतीस वर्षांचा अनुभव आहे त्यात. मला उमेदीत कुणी अशा चिठ्ठ्या दिल्या असत्या तर मी चौकट करून भिंतीला लावल्या असत्या.”

“मी तुला किती दिल्या रे?”

“तुम्ही?” सर हसले. “एकसुद्धा नाही.”

“का बरं दिल्या नसतील?”

...

सरांनी जरा आढेवेढे घेतले. मग खाली बघून, पण छाती थोडी पुढं काढून म्हणाले, “चुकलो असतो तर दिल्या असत्या की.”

बाई हसायला लागल्या. पाठमोऱ्याच हसत होत्या, नुसते खांदे हलत होते. धरलेला खांदासुद्धा. हसता हसता ठसका लागला, सरांनी धावत तांब्या आणून दिला. बाई दोन घोट पाणी प्यायल्या, मग त्यांनी डोळे पुसले.

“एक तोंडी गणित घालते. सोडवशील?”

“घाला की.”

“एक संख्या आहे. तिचा वर्ग तिच्या पाचपट आहे. संख्या कोणती?”

“पाच,” सर म्हणाले. विचार करायचं कारणच नव्हतं. पाच पाचे पंचवीस, पाचाची पाचपट पंचवीस.

बाई काही बोलल्या नाहीत.

सोऱ्यातून चिकाची तार खाली येत होती. ती येत राहिली, सरांचा हात मात्र फिरायचा थांबला. साडीवर एकाच जागी ढीग झाला.

“...आणि शून्य,” सर हळूच म्हणाले.

शून्याचा वर्ग शून्य, शून्याची पाचपटही शून्य. उत्तरं दोन. पण दोन्ही बाजूंना क्षनं भागून मोकळं झालं की एकच उरतं, आणि शून्य हातातनं निसटून जातं. कुठल्याही गणिताच्या मास्तरला हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं. फक्त एका मास्तरला एकदा जागेपणी, फळ्यावर, पांढऱ्या खडूनं, खाली दोन रेघा ओढून सांगता आलं नव्हतं.

सरांचे कान तापले. उन्हानं तापले म्हणावं तर ऊन अजून कोवळं होतं.

त्यांना सगळं लख्ख आठवलं. नोकरीचे पहिले दिवस. दहावी ब. भरलेला वर्ग, नवी पँट, घामानं पाठीला चिकटलेला शर्ट. उत्तर पाच, असं ठासून सांगून ते वर्गाबाहेर पडले होते. दुपारी खाणावळीत आमटी-भाताचा दुसरा घास घेताना ते शून्य त्यांच्या ताटात येऊन बसलं. हातातला घास हातातच राहिला. तडक शाळेत पळावं तर शाळा सकाळची, सुटलेली. सगळी दुपार, सगळी संध्याकाळ त्यांनी खोलीत येरझाऱ्या घातल्या. सांगावं का गप्प बसावं? पोरांच्या काही लक्षात आलेलं नव्हतं. कुणाच्याच आलेलं नव्हतं. गप्प बसलं असतं तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या घंटेआधीच ते वर्गात गेले. दारातूनच म्हणाले, काल मी चुकलो. मग फळ्यावर सगळं पुन्हा लिहिलं. एका पोरीनं विचारलं, सर, कालचं खोडायचं का? त्यांनी सांगितलं, खोडू नका, राहू दे, खाली लिहा. त्या दिवशी त्या वर्गातली पोरं जशी गप बसून ऐकत होती, तशी नंतर... खरं तर नंतर कधीच नाही.

ही गोष्ट ते आणि ती पोरं, एवढ्यांनाच ठाऊक. आणि पोरं तर आता पन्नाशीला आली.

“तुम्हाला कुणी सांगितलं, बाई?”

“कुणी कशाला सांगाय पाहिजे. मी खिडकीखाली होते. दोन्ही दिवशी.”

“तुम्ही?”

“तुला काय वाटलं, ती जागा तू शोधून काढलीस? निंब तेव्हा माझ्या खांद्याएवढा होता. उन्हात उभी राहायची मी.”

सरांनी सोऱ्या खाली ठेवला. अशी गोष्ट उभ्यानं ऐकण्यासारखी नव्हती. ते गच्चीवरच, साडीच्या काठाशी मांडी घालून बसले.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी चुकीचं शिकवतोय हे... तिथल्या तिथं.”

“हो.”

“आणि तुम्ही थांबवलं नाही.”

“कागद-पेन्सिल हातात होती माझ्या. अर्धं लिहून पण झालं होतं.”

“मग?”

“मग चुरगाळून टाकलं आणि ऑफिसात जाऊन बसले.”

सरांना हे पटेना. गणिताचा माणूस तो. त्यांनी बोटावर मांडून दाखवलं. अख्ख्या वर्गानं ते उत्तर वहीत लिहून घरी नेलं. एक दिवस का होईना, चाळीसभर पोरांच्या वहीत चूक होती. हेडमास्तरीणबाईंनी हे चालवून घेतलं? आणि दुसऱ्या दिवशी मी सांगितलंच नसतं तर? आठवडा गेला असता तर? परीक्षेत तेच आलं असतं तर?

“तर तिसऱ्या दिवशी बोलावलं असतं तुला. दार लावून, चहा देऊन सांगितलं असतं.”

“पण दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात.”

“थांबले. झोप नाही लागली मला. तुझ्यासारखीच.”



खालच्या गल्लीतनं कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. इतक्या सकाळी कुल्फी कोण खातं कोण जाणे, पण तो जातो रोज.

घंटी लांब गेल्यावर सर म्हणाले, “प्रणोतीला काय सांगू?”

“मी कशी सांगू? चिठ्ठी लिहून देऊ का तुला?”

सरांना हसूच आलं. मघाचं सगळं अवघडलेपण त्या हसण्यात निघून गेलं. ते उठले, पण हात चिकानं कोपरापर्यंत भरलेले. मोबाईल शर्टाच्या खिशात. सर खुर्चीपुढं वाकले, बाईंनीच तो काढला, सरांनी सांगितलं तसं नाव शोधलं, मोठ्यानं ऐकू येईल असा लावून कठड्यावर ठेवला आणि पुन्हा डोंगराकडं तोंड केलं.

पलीकडून आवाज आला तो तुटकच. “बोला सर. मी शनिवारी येतेच आहे.”

“ते होऊ दे. मॅडम, एक गणित आहे.”

“...सर?”

सरांनी गणित सांगितलं. तिनं सोडवायच्या आधीच ते म्हणाले की हे मी दहावी ब ला शिकवलं होतं, आणि उत्तर नुसतं पाच सांगितलं होतं.

पलीकडं शांतता. सरांना वाटलं, रेंज गेली.

“शून्य सोडलंत?”

“सोडलं.”

“तुम्ही?”

“मी.”

 मग एक बारीकसा आवाज आला. ती हसू दाबत होती, आणि ते काही दबत नव्हतं. मग तिनं विचारलं, कुणी चिठ्ठी पाठवली होती का? सर म्हणाले, नाही, पाठवणारीनं पाठवली नाही. हे सांगताना ते उगाच खाकरले. पुढं त्यांनी खाणावळीचं सांगितलं, आमटी-भाताचं, सकाळी प्रार्थनेआधी धावत गेल्याचं. प्रणोती मधे मधे प्रश्न विचारत होती. पोरांना विचारावेत तसे. आणि सर उत्तरं देत होते, तीही पोरांनी द्यावीत तशी.

“सर, एक विचारू?” शेवटी ती म्हणाली. “जूनपासून तुम्ही खिडकीखाली असणार का?”

सरांनी बाईंकडं बघितलं. बाईंची पाठच दिसत होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

नाही म्हणावं, असं तोंडावर आलं होतं. नाही म्हटलं असतं तर काम झालं असतं.

“असणार,” सर म्हणाले. “पाच वर्षांची खोड आहे, मॅडम, एका उन्हाळ्यात जायची नाही. पण खिशात कागद नसेल. आणि ऐकवलंच नाही, तर ऑफिसात जाऊन बसेन.”

“आणि मी चुकले तर?”

“चुकलात तर...” सर थांबले. “तुम्ही आधी जेवून घ्या.”

आता मात्र ती मनमोकळी हसली. म्हणाली, शनिवारी येते. सही करायची का नाही ते तिथं ठरवू. पण पत्र आणि गठ्ठा फाडू नका, आणा. आणि ते शून्याचं गणित मी नववीला घालू का?

“घाला.”

“तुमचं नाव सांगून?”

सरांनी डोळे मिटून घेतले. हळदवडीच्या बाजारपेठेतले सगळे नमस्कार त्यांच्या डोळ्यांपुढून एका रांगेनं गेले.

“...सांगा.”

फोन बंद झाला.

चीक कोमट झाला होता, पण तळाला थोडा उरला होता. सरांनी तो खरवडून सोऱ्यात भरला. जोर लावावा लागला. शेवटच्या चार कुरडया पाडल्या त्या मात्र बाईंकडं न बघता, डोंगराकडंही न बघता. गोल आल्या का वाकड्या, ते त्यांनी विचारलं नाही.

साडीभर कुरडया उन्हात चमकत होत्या. सरांनी सोऱ्या धुतला, पालथा घातला. बाह्या खाली केल्या. निघायचं म्हणून जिन्यापर्यंत गेले, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबले.

“बाई, एक राहिलं. माझ्या वेळी जाहिरात वाचून चौदाजण आले होते. माझ्यापेक्षा हुशार होते त्यात, जास्त मार्कांचे होते. तुम्ही मलाच कसं निवडलंत?”

बाईंनी खुर्ची फिरवली नाही. मांडीवरची चिठ्ठ्यांची चळत सारखी केली, टाचणी होती तिथंच पुन्हा टोचली आणि लिफाफा मागं, सरांच्या दिशेनं धरला.

“निवडलं संस्थेनं. जाहिरात जूनची. तू रुजू झालास जुलैच्या एक तारखेला,” बाई म्हणाल्या. “मला गणिताचा मास्तर मिळाला तो अठरा तारखेला. प्रार्थनेच्या आधी.”